शेळीच्या गळ्यातलं घड्याळ

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. रविवार होता, दुकान बंद ठेवून मी गेवराईहून गावाकडं आलो होतो. दारात मोटारसायकल उभी केली आणि त्याच वेळी आमची शेरडं दुपारच्या पाण्याला घराकडं येत होती. सगळ्यांत पुढं म्होरकी शेळी. तिच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा असतो, तो लांबूनच ऐकू आला. ती जवळ आली तेव्हा त्या पट्ट्यात, घुंगरांच्या शेजारी, नीट ओवलेलं मला माझ्या आईचं घड्याळ दिसलं.

मी हेल्मेट काढायचं विसरलो. तसाच उभा राहिलो. शेळीनं माझ्या बुटाचा वास घेतला, मान झटकली, मान झटकल्याबरोबर घड्याळाचा पडदा उजळला, आणि ती पाण्याच्या टाकीकडं निघून गेली.

ते नुसतं घड्याळ असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यात सिम होतं, म्हणजे तो फोनही होता. त्यात उजेडाची बॅटरी होती, रेडिओ होता, माणूस कुठं आहे ते नकाशावर दाखवायची सोय होती. आणि ते मनगटावर बांधलं की नाडी, बीपी, ताप, झोप आणि चाललेली पावलं असं सगळं मोजून ते थेट गेवराईत माझ्या मोबाईलवर पाठवत होतं. त्या दिवशी सकाळीच चहा पिता पिता मी आईची तब्येत पाहिली होती. बीपी एकशेअठरा-अठ्ठ्याहत्तर. नाडी बहात्तर. झोप सात तास, गाढ. आदल्या दिवशीची पावलं चौदा हजार. खाली हिरव्या अक्षरांत ‘उत्तम’ आणि शेजारी टाळ्या वाजवणारे दोन हात. शेजारच्या टायरवाल्याला मी ते दाखवलंही होतं. म्हणालो, बघा, पासष्टीची बाई आहे.

आणि आता ती चौदा हजार पावलं माझ्यासमोर टाकीत तोंड घालून पाणी पीत होती.

माझं दुकान ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं. पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, आधारमधल्या दुरुस्त्या. हायवेच्या कडेला आहे, गर्दी असते. दिवसभर मी लोकांना एकच वाक्य ऐकवत असतो, “सगळं ह्यातच होतं.” म्हणजे मोबाईलमध्ये. लोक वेगवेगळ्या पिशव्यांमधून वेगवेगळे कागद काढायला लागले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. दुकानात झेरॉक्स, प्रिंट आणि स्कॅन एकातच करणारं मशीन आहे. त्याची शाई संपली की ते स्कॅनसुद्धा करत नाही. शाईचा आणि स्कॅनचा काय संबंध, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्या मशीनला मी दिवसाआड शिव्या देतो. तरी माझी अक्कल काही उघडली नव्हती.

आमचं घर शेरडं-मेंढरं राखणारं, शिरूर कासारच्या पलीकडं, माळाला लागून. मी शिकलो म्हणून सुटलो. धाकटा भाऊ आणि भावजय दसरा झाला की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यालाच परत येतात. मग घरी आबा, आई आणि वीस-पंचवीस जनावरं. आईला दोन वर्षांपूर्वी एका तपासणी शिबिरात बीपी निघालं. तेव्हापासून ती रोज सकाळी एक गोळी घ्यायची, आणि दर मंगळवारी पलीकडच्या गावात उपकेंद्रात जाऊन सिस्टरांकडून बीपी मोजून घ्यायची. सिस्टरांचं मशीन म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, दाबायचा फुगा आणि एक काटा. त्याला दुसरं काहीच येत नाही.

भाऊ यंदा गेला तेव्हा मला आईबापांची काळजी लागली. खरं सांगायचं तर काळजी अर्धी होती आणि हौस अर्धी. दिवाळीला मी ते घड्याळ घेऊन गेलो. नुसतं दिलं असतं तरी पुष्कळ झालं असतं, पण मला घर सुधारायचं होतं. आबांची उजेडाची बॅटरी, आईचा बटणांचा फोन, खुंटीला लटकणारा रेडिओ, असं सगळं मी एका पिशवीत भरलं. म्हणालो, ह्या एकात सगळं आहे, पसारा कशाला. आबा ओट्यावर बसून मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरीला तेल लावत होते. पिशवीकडं बघून म्हणाले, “ही कातर लोकरीची हाय ती लोकरीचीच. हिनं येकदा पोतं कापलं की मंग ही मेंढराचं कातडं धरती. ज्याचं काम त्यानं करावं.”

“आबा, हे काय कातर हाय का?”

“हत्यारच की,” आबा म्हणाले आणि पुन्हा तेल लावायला लागले.

माझ्या मते तो अडाणीपणा होता. मी आईला, म्हणजे मायला, समोर बसवलं. घड्याळात तिचं नाव घातलं, वय घातलं, वजन घातलं, तिचा फोटो काढून घातला, आणि तिच्या मनगटावर बांधून म्हणालो, “माय, आता हे तुला वळखतं.” तिला ते लई आवडलं. तिनं त्या पडद्यावरचा स्वतःचा फोटो पदरानं पुसला.

मग रोज संध्याकाळी माझा फोन सुरू झाला. आधी मोबाईलवर आकडे बघायचे आणि मग लावायचा. पहिल्या महिन्यात पावलं कमी यायची, हजार, दीड हजार. मी तिला बोलायचो. “माय, बसून राहू नको. आज नुसती बाराशे पावलं झालीत. बीपी चांगलं हाय, पण चाललं पाहिजे.” ती हो म्हणायची. डिसेंबर लागला आणि एकदम आकडे वाढले. आठ हजार, अकरा हजार, चौदा हजार. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा गुण आला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, गेवराईत खुर्चीवर बसून माळावरच्या बाईला चालायला शिकवणारा.

मंगळवारी उपकेंद्रात जायचं मीच बंद केलं. तीन किलोमीटर हेलपाटा कशाला, इथं दिवसातून दहा वेळा मोजणी होते, असं म्हणालो. गोळीचंही माझंच. आई एकदा म्हणाली की गोळीनं सारखं लघवीला लागतं, बाईमाणसाला अवघड होतं. मी महिन्याभराचे आकडे वरखाली करून पाहिले. सगळे हिरवे. म्हणालो, “मग नको घेऊस. बीपी हायच कुठं तुला आता?” हे वाक्य मी बोललो तेव्हा एका गिऱ्हाइकाचा अंगठा मशीनवर धरून ठेवला होता. इतक्या सहज बोललो.

तर, त्या रविवारी. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. शेरडांमागून काठी टेकत आबा आले.

मी हेल्मेट काढलं. “माय, घड्याळ शेळीच्या गळ्यात कावून हाय?”

आईनं आबांकडं पाहिलं. आबांनी शेळीकडं पाहिलं.

“बांगड्यावर आपटतंय,” आई म्हणाली. “मनगट खाजतंय. आन् तू रोज बोलायलास, पावलं कमी, पावलं कमी. माझं गुडघं धरल्यात, मी कुठवर चालू? ही तर दिसभर हिंडतीच. म्हनलं, घालावं हिलाच.”

“कवापसनं?”

“चंपाषष्ठीपसनं.”

चंपाषष्ठी म्हणजे दीड महिना होऊन गेला होता. आणि ह्यात आबाही सामील होते. सकाळी पट्ट्यात घड्याळ ओवायचं काम त्यांचं, संध्याकाळी काढून चार्जिंगला लावायचं काम आईचं. “लई हुशार शेळी हाय,” आबा कौतुकानं म्हणाले. “येकदा तू दुपारचा फोन केलतास. घंटी वाजली आन् ही जी बुजली, ती थेट खदानीकडं पळाली. मी आर्धा तास मागं पळालो.”

मला तो फोन आठवला. कुणी उचलला नाही म्हणून मला वाटलं होतं, आई कामात असेल. मी हसायला लागलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आई हसली, आबाही हसले. इतकं हसू मला वर्षात आलं नव्हतं. आणि हसता हसताच डोक्यात एक गोष्ट आली आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. पावलं शेळीची, ठीक आहे. मग बीपी कुणाचं?

मी आईला तेच विचारलं.

“बीपी माझंच की,” ती म्हणाली. तिला माझाच प्रश्न खुळ्यासारखा वाटला. “तूच नाव घातलं ना माझं त्यात? फोटू काढलास, वजन लिव्हलंस. ते मला वळखतं. चालायचं तेवढं शेळी करती, बाकीचं त्याला ठावं हाय.”

मी तिला हसू शकलो नाही. तिच्या नावावरचं रेशन भावजयीनं अंगठा देऊन आणलं तरी ते तिचंच असतं. तिच्या नावाचा दाखला मी गेवराईत बसून काढला तरी तो तिचाच असतो. नाव जिथं, माणूस तिथं, हे तिला दुसऱ्या कुणी नाही, मीच आयुष्यभर शिकवत आलो होतो. दुकानात दिवसाला पन्नास माणसांना शिकवतो. तिनं ते माझ्याकडूनच घेतलं आणि तंतोतंत वापरलं.

मी मोबाईल काढला आणि दिवाळीपासूनचे आकडे उघडले. चंपाषष्ठीच्या आधीचे, म्हणजे आईच्या मनगटावरचे. एकशेअठरा, एकशेवीस, एकशेसतरा. चंपाषष्ठीच्या नंतरचे, म्हणजे शेळीच्या गळ्यातले. एकशेअठरा, एकशेवीस, एकशेसतरा. मी बोट मागं-पुढं सरकवत राहिलो. कुठंतरी उडी दिसेल, कुठंतरी त्या यंत्राला कळलं असेल की आता आपण माणसावर नाही, असं मला वाटत होतं. काहीच नव्हतं. सरळ हिरवी रेघ. रात्री ते चार्जिंगला भिंतीशी पडलेलं असायचं, तेव्हा त्यानं आईची सात तास गाढ झोप मोजली होती.

आबांनी शेळीच्या पट्ट्यातून घड्याळ काढलं. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही, पण जनावर आजारी आहे की सोंग करतंय हे त्यांना बरोबर कळतं. त्यांनी ते घड्याळ आपल्या काठीला बांधलं, काठी ओट्याला टेकवून उभी केली आणि आम्ही तिघं तिच्याकडं बघत बसलो. पडद्यावर एक हृदय लुकलुकायला लागलं. थोड्या वेळानं आकडे आले. नाडी चौऱ्याहत्तर. बीपी एकशेसतरा-शहात्तर. उत्तम. टाळ्या.

“काठीला बी बीपी हाय म्हन की,” आबा म्हणाले.

मी काठीकडं बघत राहिलो. म्हणजे चंपाषष्ठीच्या आधीही ते खोटंच होतं. आईच्या हातात असतानाही ते तिच्याबद्दल काहीच सांगत नव्हतं. एवढे दिवस मी जे बघून खूश होत होतो, तो कशाचाच आकडा नव्हता.

“माय, गोळी घेतीस का तू?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

“तूच म्हनलास नको म्हून.”

“डोकं दुखतंय का?”

“दुखतंय थोडं. सकाळचं लई दुखतंय.” तिनं एक शेंग सोलली. “मागल्या आठवड्यात घेरी आली. चुलीपाशी बसूनच राहिले, उठाया येईना. ह्ये माळावर गेलते. तुला फोन करावा म्हनलं, तर फोन गेलता शेळीसंगं.”

ती हे सांगताना थोडी हसली. आबांना हे ती पहिल्यांदाच सांगत होती, हे त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. घरातला जुना बटणांचा फोन माझ्या दुकानात, टेबलाच्या खणात, त्याच पिशवीत पडला होता. मीच तो उचलून नेला होता. माझ्या आईला चुलीजवळ घेरी आली आणि तिच्या हाताशी फोन नव्हता, कारण मी तिला फोनवाला, बॅटरीवाला, रेडिओवाला, सगळं-एकात दागिना दिला होता आणि तो एका वेळी एकाच जागी असू शकत होता. एवढी साधी गोष्ट मला कळायला शेळी लागली.

मी आईला मोटारसायकलवर बसवलं आणि सिस्टरांच्या घरी नेलं. सिस्टर उपकेंद्राच्या शेजारीच राहतात. रविवार असून त्यांनी कुरकुर केली नाही, आतून मशीन आणलं. दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, कानाला नळ्या लावल्या, हवा सोडली. मग पट्टा काढून दुसऱ्या दंडाला गुंडाळला. पुन्हा तेच. मग आईला भिंतीला टेकून बसवलं, पाणी दिलं, पाच मिनिटं थांबल्या आणि तिसऱ्यांदा मोजलं.

“दोनशे आठ,” त्या म्हणाल्या. “खालचं एकशेअठरा.”

हे आकडे ऐकून मी काय म्हणावं? मी म्हणालो, “मशीन बिघडलंय का?”

ह्याची मला आजही शरम वाटते. तीन महिने खोटं बोलणाऱ्या घड्याळावर मी एकदाही संशय घेतला नव्हता, आणि खरं बोलणाऱ्यावर पहिल्याच वाक्याला घेतला. सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं, माझी बाही वर केली आणि पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. माझं एकशेचाळीस निघालं. “मशीन बरं हाय,” त्या म्हणाल्या. “तुमचं बी जरा जास्तच हाय. भ्यालात म्हून आसंल. दोन महिने मावशी येईनात, मी निरोप धाडला. तर निरोप आला, लेकानं यंत्र दिलंय. कुठंय यंत्र?”

मी खिशातून घड्याळ काढून दाखवलं. कशाकशाची सोय आहे ते सांगायची मला इतकी सवय झाली होती की तिथंही मी दोन-तीन नावं घेतली. सिस्टरांनी ते उलटसुलट करून बघितलं. “एक ना धड भाराभर चिंध्या,” एवढंच म्हणून त्यांनी ते परत दिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठीवर ‘तातडीनं’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

गावातल्या एकाची जीप घेऊन आम्ही दुपारीच बीडला निघालो. आबांना शेरडं सोडून येता येईना, ते दारात उभे राहिले. नारायणगडाच्या फाट्यावर आईनं गडाकडं हात जोडले. गड डाव्या अंगाला होता. ती सगळं अंग वळवून, मान पार मागं नेऊन तिकडं बघत होती. मला वाटलं भक्तीनं बघते आहे. मी तिला नीट बस म्हणालो.

बीडच्या दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं. डॉक्टर पोरसवदा होते, पण चटचट कामाला लागले. गोळी कधीपासून बंद आहे, असं त्यांनी विचारलं. मी दिवस सांगितले. का बंद केली, असं विचारलं. मी म्हणालो, मी सांगितलं म्हणून. ते म्हणाले, तुम्ही काय करता? मी म्हणालो, फॉर्म भरतो. त्यांनी मान हलवली आणि ते केसपेपर लिहायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दाब थोडा उतरला. डॉक्टर म्हणाले, घरी मोजायला एक मशीन घेऊन ठेवा, दंडाला लावायचं. मी समोरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्या हातातला भारी मोबाईल बघितला आणि सरळ वरच्या फळीवरचा खोका काढला. ह्यात बीपी आहे, ताप आहे, ऑक्सिजन आहे, मोबाईलला जोडतं, बोलून आकडा सांगतं, रेडिओही लागतो. तो हौसेनं बोलत होता आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता. मी म्हणालो, ज्याला फक्त बीपी येतं असं द्या. तो म्हणाला, साहेब, त्याच्यात दुसरं काहीच नाही. मी म्हणालो, तेच द्या. त्याला वाटलं मी चिक्कू आहे. वाटू दे. ते मशीन आज आमच्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे. पिशवीतल्या वस्तूही मी परत नेऊन ज्याच्या त्याच्या जागी ठेवल्या, बॅटरी आबांच्या उशाला, रेडिओ खुंटीला, फोन आईच्या कमरेच्या पिशवीत. मशीन आणल्याच्या दिवशी आबांनी ते आधी काठीला लावून बघितलं. ते नुसतं फुगत राहिलं, आणि शेवटी त्यानं पडद्यावर चूक झाल्याची खूण दाखवली. आबा म्हणाले, ह्ये खरं हाय.

पण हे सगळं नंतरचं. मशीन घेऊन मी वॉर्डात परत आलो तेव्हा चहावाला आईला चहा देत होता. त्यानं ग्लास डाव्या बाजूनं पुढं केला. आईनं तो घेतलाच नाही. तो धरून उभा राहिला, ती समोर बघत राहिली. मग त्यानं “आजी, च्या” म्हटलं तेव्हा तिनं मान वळवली आणि हात पुढं केला. डॉक्टर शेजारच्या खाटेजवळ होते. त्यांनी ते पाहिलं. ते आले, आईचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, माझी बोटं किती आहेत?

“बोटं?” आई म्हणाली. “तुमीच दिसंनात.”

मी शेजारी उभा होतो. मी खाटेची कड धरली.

दुपारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी थेंब घालून, दिवा लावून, बराच वेळ आत बघितलं. मग मला बोलावून सांगितलं की डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलंय. दाब बरेच दिवस चढलेला असणार. इंजेक्शनं देऊन बघू, पुढचं बिघडणं थांबेल, पण गेलेली नजर सगळी परत येईल असं मी म्हणत नाही. किती दिवसांपासून दिसत नाही, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, महिना झाला आसंल. आदी धूर आल्यावानी दिसायचं, मंग काळा डाग आला.

एक महिना. मी बोटांवर मोजला. त्या महिन्यात एकही दिवस असा नव्हता की मी तिच्याशी बोललो नव्हतो. काहीही असो, संध्याकाळी सातच्या सुमाराला माझा फोन जायचाच. त्याचा मला अभिमान होता. टायरवाल्याला मी म्हणायचो, माझा एक दिवस चुकत नाही.

पुढच्या तपासणीसाठी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. थेंबांमुळं तिनं डोळे मिटून घेतले होते. आणि मला, कुणाचा राग ते कळेना, पण भयंकर राग आला होता. तो मी तिच्यावरच काढला.

“माय, एका डोळ्यानं दिसंना तुला महिनाभर. मी रोज फोन करायलो. रोज. येकदा तरी सांगायचं का न्हाई?”

ती डोळे मिटूनच बसली होती. तिला राग आला नव्हता. मी काहीतरी विचारलंय आणि त्याचं उत्तर द्यायचंय, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

“कवा सांगू?” ती म्हणाली. “आदी तू फोन केला की म्हनायचास, कशी हायस माय. मंग मी सांगायचे, गुडघा दुखतोय, आमकं दुखतंय. त्ये घड्याळ आल्यापसनं तू इचारतच न्हाईस. फोन लागला की तूच मला सांगतूस, मी कशी हाय ते.”

मी एकेक संध्याकाळ आठवायला लागलो. दिवाळीपासूनची. कुठंतरी एकदा तरी विचारलं असेल म्हणून शोधत राहिलो. आतून तिचं नाव पुकारलं तरी मी शोधतच होतो. एकदाही विचारलं नव्हतं.